मांडीतलं लोखंड आणि राहून गेलेलं पदक

पत्र

साहेब, राम राम. मी १९६९ साली भरती झालो आणि १९८६ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. १९७१ च्या लढाईत पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, जमालपूरला होतो. १० डिसेंबरच्या रात्री मॉर्टरचा गोळा जवळ फुटला आणि डाव्या मांडीत तुकडे घुसले. पलटणीच्या डॉक्टर साहेबांनी एक काढला, पट्टी बांधली. मला मागे पाठवत होते, मी गेलो नाही. जानेवारीत जखम चिघळली तेव्हा वीस-बावीस दिवस इस्पितळात काढले. मग पुन्हा ड्युटी सुरू झाली आणि विषय तिथंच राहिला.

मागच्या वर्षी गुडघ्यासाठी डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. तिथल्या मुलीनं विचारलं, "आजोबा, अंगात कुठं लोखंड आहे का?" मी म्हणालो, "आहे, पाकिस्तानचं." एमआरआय झालाच नाही, एक्स-रे काढला. नातवानं तो खिडकीला धरून मोजलं, तीन तुकडे आहेत. तेव्हापासून तो पाठीमागे लागलाय की घाव पदकासाठी अर्ज करा. मंडळी म्हणतात, पन्नास वर्षं गेली, आता कशाला? मलाही वाटतं, मागून घेतलेलं पदक ते कसलं पदक! शिवाय शेजारच्या मोर्च्यातला माझा दोस्त त्याच रात्री गेला. त्याच्यापुढं माझी मांडी ती काय?

पुरावा म्हणाल तर आईला तेव्हा लिहिलेलं पत्र ट्रंकेत आहे. पण तिला घोर लागू नये म्हणून त्यात 'घसरून पडलो, पायाला जरा लागलंय' असं मीच लिहून ठेवलंय. अर्ज करावा का?

— एक माजी हवालदार, सातारा जिल्हा

उत्तर

राम राम, हवालदार साहेब.

तुमचं नाव, गाव, पलटण छापत नाही. जमालपूर मात्र ठेवलं. तिथल्या पाकिस्तानी कर्नलनं शरण येण्याच्या पत्राला उत्तर म्हणून कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली होती, ते अजून लोकांना आठवतं. त्या रात्री तिथं काय चाललं होतं हे मी तुम्हाला सांगावं असं नाही.

अर्ज करा. आणि या महिन्यातच करा.

आता 'मागून घेतलेलं पदक' याबद्दल. मी स्वतः सैन्यात क्लार्क होतो, बरीच वर्षं एका रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत, काढली, त्यामुळं हे वाक्य तुमच्या वयाच्या माणसांकडून पुष्कळदा ऐकलंय. वीर चक्र, सेना मेडल ही शौर्याची पदकं. तिथं कुणीतरी वरचा अधिकारी ठरवतो की या माणसानं जे केलं ते नेहमीच्या कर्तव्यापलीकडचं होतं. ते मागायचं नसतं, बरोबर. घाव पदकाचं तसं नाही. तुम्ही किती शूर होता हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच की शत्रूच्या थेट कारवाईत तुम्ही जखमी झालात का? उत्तर हो किंवा नाही. पाय गेलेल्याला जे पदक, तेच मांडीत तुकडा बसलेल्याला. उलट लढाईच्याच मुलखात ट्रक उलटून कंबर मोडली, तर दुखणं कितीही मोठं असो, हे पदक नाही.

म्हणजे ही नोंद आहे. बाप वारल्यावर सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला माणूस तलाठ्याकडे जातो, तेव्हा तो भीक मागत नाही. जमीन त्याचीच असते, फेरफार राहिलेला असतो. तुमचा फेरफार राहिलाय.

नावाचाही थोडा घोटाळा आहे. हे पदक १९७३ साली सुरू झालं, तेव्हा घाव पदक म्हणत. आता त्याला पराक्रम पदक म्हणतात. माझं मत विचाराल तर जुनं नाव सरळ होतं. 'पराक्रम' म्हटलं की तुमच्यासारखी माणसं दोन पावलं मागं सरकतात, म्हणतात, आपण कुठं पराक्रम केला? अर्जात नवं नाव लिहा, कंसात जुनंही लिहा. आणि ते साल ध्यानात ठेवा. तुम्हाला लागलं डिसेंबर १९७१ मध्ये. त्या रात्री हे पदक अस्तित्वातच नव्हतं, त्यामुळं तुम्हाला ते कुणी नाकारलं असं झालेलं नाही. पुढं ते निघालं तेव्हा ज्यांची नावं जखमींच्या यादीत होती त्यांची कागदपत्रं हलली. तुमचं नाव बहुधा यादीतच नव्हतं.

का नव्हतं, तेही तुमच्याच पत्रात आहे. "मागे पाठवत होते, मी गेलो नाही."

लढाईत जखमी झालेला जवान आधी पलटणीच्या आरएपीत (पलटणीच्या डॉक्टरच्या उपचार चौकीत) येतो, तिथून पुढच्या ड्रेसिंग स्टेशनला, मग फील्ड अँब्युलन्स, मग इस्पितळ. जसजसा मागं जातो तसतसा त्याचा कागद जाड होत जातो. पलटणीतून कॅज्युअल्टीचा सिग्नल निघतो, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतल्या घडामोडींची अधिकृत नोंद) छापली जाते, रेकॉर्ड ऑफिसात नोंद चढते, तेव्हा घरी तार जायची. जो आरएपीतून पट्टी बांधून परत मोर्च्यात जातो, त्याचं नाव फार तर डॉक्टरच्या वहीत राहतं. आणि ती वही कंदिलाच्या उजेडात, हात रक्तानं भरलेले असताना लिहिलेली असते. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, तेव्हा कोण वही चाळत बसलं असेल! ज्यानं पलटण सोडली नाही, त्याचीच नोंद राहून गेली. असे गडी मी पुष्कळ पाहिले. जो पहिल्या हेलिकॉप्टरनं मागं गेला त्याच्या छातीवर पांढरी रिबीन, मधोमध लाल पट्टा. जो थांबला त्याच्याकडे फक्त व्रण. मागं गेलेल्याची चूक नाही, त्याला पाठवणारा डॉक्टर होता. पण हिशेब असा उलटा लागतो खरा.

पण जानेवारीत तुम्ही इस्पितळात गेलात. हवालदार साहेब, तुमच्या सगळ्या पत्रात सोन्यासारखी ओळ ती आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीय. वीस दिवस इस्पितळात म्हणजे दाखल झाल्याची नोंद, सुट्टी मिळाल्याची नोंद आणि दोन्हींची पार्ट टू ऑर्डर. तो कागद सापडला आणि त्यावर 'जीएसडब्ल्यू' (बंदुकीच्या गोळीची जखम) किंवा 'स्प्लिंटर' (फुटलेल्या गोळ्याचा तुकडा) असं काही लिहिलेलं निघालं, तर अर्ध्याहून जास्त काम झालं. अर्जाची सुरुवात मॉर्टरपासून करू नका, इस्पितळाच्या तारखांपासून करा. नक्की तारखा आठवत नसतील तर 'जानेवारी १९७२, सुमारे तीन आठवडे' असं लिहा. आठवत नाही ते अंदाजानं ठोकून देऊ नका, कारण चुकीची तारीख क्लार्कला चुकीच्या गठ्ठ्याकडे नेते.

यावरून माझाच एक किस्सा सांगतो. तो सांगताना अजून मान खाली जाते. १९८० च्या आसपासची गोष्ट, मी नवा होतो. कोकणातल्या एका १९६५ वाल्या शिपायाचा असाच अर्ज आला. शोधलं, काही मिळालं नाही, वरून सांगितलं तसं टाइप करून पाठवलं, 'नो रेकॉर्ड हेल्ड'. चार महिन्यांनी भलत्याच माणसाचे कागद काढताना त्याची पार्ट टू ऑर्डर हातात आली. आर्मी नंबरातले दोन आकडे उलटे पडले होते, ३७ च्या जागी ७३. जखम, तारीख, ठिकाण, सगळं स्वच्छ लिहिलेलं. दुसऱ्याच्या फाइलीत. मी साहेबांना दाखवलं, नवं पत्र गेलं, त्याला पदकही मिळालं. पण मधले चार महिने तो माणूस 'तुम्ही जखमी झाल्याचं आमच्याकडे काही नाही' असा सरकारी शिक्क्याचा कागद घरात घेऊन बसला होता. त्याखाली सही साहेबांची होती, पण टाइप माझा होता.

म्हणून पहिलं उत्तर नकाराचं आलं तर ट्रंक बंद करू नका. दुसरं पत्र लिहा आणि त्यात नंबर, वडिलांचं नाव, गाव, तालुका, कंपनी, प्लाटून, भरतीची तारीख, सगळं पुन्हा द्या. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा जसं लागेल तसं लिहायचे, त्यामुळं डिस्चार्ज बुकात आहे तेच वापरा, हल्लीच्या आधार कार्डावरचं नको.

डिस्चार्ज बुक काढलंच आहे तर पदकांचं पान बघा. तिथं 'पूर्वी स्टार' असेल, 'संग्राम मेडल' असेल. 'पूर्वी स्टार' म्हणजे तुम्ही पूर्वेच्या आघाडीवर होता याला सरकारनं स्वतःच दिलेली साक्ष, ती वेगळी सिद्ध करायला नको. त्या पानाची झेरॉक्स, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स आणि मराठीत नाहीतर इंग्रजीत साधा दोन पानी अर्ज तुमच्या रेकॉर्ड ऑफिसच्या नावानं लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं ऑफिस बेळगावला आहे. तुमची रेजिमेंट दुसरी असेल तर तिचा पत्ता पेन्शनच्या कागदावर सापडेल. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा आणि एक प्रत स्वतः स्पीड पोस्टानं टाका. कल्याण कार्यालयातला लिपिक बहुधा माजी सैनिकच असतो, तो शिक्का मारून पोच देईल. तुमच्या तालुक्यात 'मेडल काढून देतो' म्हणणारे एजंट फिरत असतील, त्यांना चहासुद्धा पाजू नका.

अर्जाबरोबर माहितीच्या अधिकारात वेगळी मागणी टाका, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. त्यात पदक मागायचं नाही, कागद मागायचा. 'डिसेंबर १९७१ ते मार्च १९७२ या काळातल्या माझ्यासंबंधीच्या पार्ट टू ऑर्डर आणि वैद्यकीय कागदांच्या प्रती द्याव्यात', बस. त्याला ३० दिवसांची मुदत असते, साध्या अर्जाला अशी मुदत नसते. हे नातवाकडून करून घ्या, मागे लागलाय तर कामाला लावा.

एक्स-रे सांभाळून ठेवा, पण तो फोटो एकटा पुरत नाही. सरकारी किंवा मिलिटरी इस्पितळातून लेखी रिपोर्ट घ्या. डाव्या मांडीत धातूचे तीन तुकडे, अमुक जागी, जुने. त्या रिपोर्टवरून अंगात लोखंड आहे हे कळेल. ते कुणी मारलं हे एक्स-रेत दिसत नाही, त्यासाठी माणूस लागतो. (आणि ऐका, पुढं कुठल्याही डॉक्टरनं एमआरआय लिहिला की त्या पोरीसारखं कुणी विचारील याची वाट न पाहता आधी सांगा. मोठ्या चुंबकाजवळ लोखंडी तुकडा आतल्या आत हलू शकतो. घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण ती वेळ येईल तेव्हा तुम्ही बोलायच्या स्थितीत असालच असं नाही.)

तर साक्षीदार. त्या रात्री तुमच्या प्लाटूनमधले, तुम्हाला आरएपीत नेणारे, शेजारी पट्टी बांधून घेणारे, जे कुणी हयात असतील त्यातले दोघे शोधा. त्यांनी स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं, नोटरीसमोर. प्रत्येकानं आपल्या शब्दांत लिहावं. दोघांची प्रतिज्ञापत्रं शब्दाला शब्द सारखी आली की ती एकाच टायपिस्टकडून आलीत हे न वाचताच कळतं, मी सांगतो. एकाला वास आठवेल, एकाला शिवी आठवेल. तसंच राहू द्या.

उशिरा जाग येणारे तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत युद्धात जखमी झालेल्याला पर्पल हार्ट देतात. १९७३ साली, म्हणजे आपलं घाव पदक निघालं त्याच वर्षी, सेंट लुईस इथल्या त्यांच्या रेकॉर्ड केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांच्या वर फायली जळाल्या. त्यांचे म्हातारे सैनिकही सोबत्यांची शपथपत्रं गोळा करत फिरले आहेत. आणि आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलेच मुरलीकांत पेटकर घ्या. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घेतल्या, १९७२ साली हायडलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात देशाचं पहिलं सुवर्ण आणलं, आणि अर्जुन पुरस्कार हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये. ५२ वर्षांनी. ते घ्यायला गेलेच ना?

आता आईचं पत्र. यावर मी दोन दिवस विचार केला, कारण इथं चुकीचा सल्ला दिला तर तुमचं नुकसान आहे. तपासणारा माणूस 'घसरून पडलो' वाचून म्हणू शकतो, हा तर अपघात, प्रकरण बंद. म्हणून ते पत्र लपवावं असं कुणीही सांगेल. मी सांगतो, लावा. मूळ घरी ठेवा, दोन्ही बाजूंची झेरॉक्स लावा. कारण त्या पत्रावर ९९ एपीओचा, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाचा, शिक्का असणार आणि तारीख असणार. डिसेंबर १९७१ मध्ये तुम्ही पूर्वेकडं होता आणि तुमच्या पायाला लागलेलं होतं, हे त्याच वेळी लिहिलेलं दुसरं काही तुमच्याकडे नाही. खोटं कारण तुम्ही का लिहिलं ते तुमच्या प्रतिज्ञापत्रात स्वतःच दोन ओळींत सांगून टाका. असं पत्र न लिहिलेला जवान मला अजून भेटायचाय. अर्धवट कागद दिसला की क्लार्क उरलेला अर्धा शोधायला लागतो, आणि तो त्याला तुमच्याकडून न मिळता दुसरीकडून मिळाला तर पुढं तुमचं खरंही तो खरं धरत नाही.

पैशाचं एका दमात सांगतो. शौर्य पदकांसारखा दरमहा भत्ता या पदकाला नाही. युद्धातल्या जखमेची पेन्शन हे वेगळं प्रकरण आहे. त्याला मेडिकल बोर्ड लागतं, अपंगत्वाची टक्केवारी लागते. तुम्ही पूर्ण नोकरी करून सुटलात, तेव्हा रिलीज मेडिकल बोर्डानं मांडीबद्दल काही लिहिलं होतं का ते आधी बघा. दोन्ही मागण्या एका अर्जात घालू नका. पैशाचा मुद्दा आला की फाइल दुसऱ्या टेबलावर जाते आणि पदकही तिच्यासोबत तिकडं जाऊन बसतं. आणि पदक मंजूर होऊनही हातात यायला वेळ लागला, तर छावणीबाजारात मिळणारी नक्कल मंजुरीचा कागद आल्याशिवाय लावू नका. गावच्या १५ ऑगस्टला नातू हौसेनं लावील, त्याला सांगा.

राहिला तुमचा दोस्त.

पत्रात त्याचं नाव तुम्ही लिहिलं नाही. मला वाटतं तुमची मंडळी म्हणतात ते 'आता कशाला' आणि तुम्ही म्हणता ते 'मागून घेतलेलं' ही दोन्ही वरची कारणं, खालचं कारण तो आहे. यावर माझ्याकडे क्लार्कचंच उत्तर आहे. प्रतिज्ञापत्रात त्या रात्रीचा प्रसंग लिहावा लागेल. गोळा कुठं पडला, तुमच्या डावीकडं कोण होतं, उजवीकडं कोण. तिथं त्याचं पूर्ण नाव, नंबर आठवत असला तर नंबर, गाव, आणि तो कसा गेला ते लिहा. अर्जाला त्याची गरज आहे, मी तुमची समजूत काढण्यासाठी सांगत नाही. जागा आणि वेळ पक्की करायला त्याची नोंद उपयोगी पडेल, कारण शहीद झालेल्याची तारीख रेकॉर्डमध्ये चुकत नाही. त्याच्या तारखेवरून तुमची तारीख सिद्ध होईल. त्याच्या घरी कुणी असेल तर अर्ज टाकण्याआधी जाऊन या, काय लिहिताय ते वाचून दाखवा. मधल्या काळात कधी गेला असाल किंवा नसाल, ते मी विचारत नाही.

सगळ्यात आधी मात्र साक्षीदाराला फोन. कागद बेळगावला पडून राहील, तुमच्या बरोबरीची माणसं पंचाहत्तरीच्या पुढं आहेत. पलटणीच्या मेळाव्यात भेटणारा कुणीतरी तुमच्या ओळखीत असेलच, त्याच्याकडून नंबर घ्या आणि रविवारी सकाळी नऊच्या आत लावा. दुपारी ही मंडळी झोपतात, आणि संध्याकाळी लावलात तर जमालपूरच्या गप्पा सुरू होतील आणि प्रतिज्ञापत्राचं सांगायचं राहून जाईल.